स्वातंत्र्याचा जमाखर्च मांडावा की नाही?

स्वातंत्र्याची किंमत विचारणारा माणूस आपल्याकडे कोत्या मनाचा समजला जातो. पोटाला मिळाले की पारतंत्र्यही गोड मानणाऱ्यांच्या पंगतीला त्याला नेऊन बसवतात आणि मग त्याचे पुढचे कोणी ऐकत नाही. आमच्या कॉलेजच्या अर्थशास्त्र मंडळाने यंदा वादविवादासाठी विषय ठेवला होता : 'स्वातंत्र्याचा कौल देताना राष्ट्राने आर्थिक लाभहानीचा विचार करू नये.' मी विरोधी बाजूने बोलले. प्रत्येकाला सहा मिनिटे होती. सहा मिनिटांत एका देशाचे चलन, कर्ज, तेल आणि निवृत्तिवेतन बसवणे कोणालाच शक्य नाही. घंटेने अडवलेले ते मुद्दे वाया जाऊ नयेत म्हणून संपादक मंडळाकडून ही पाने मागून घेतली आहेत. वाचकांनी घंटा वाजवू नये, एवढीच विनंती.

प्रस्तावाच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या वर्गबंधूने एक प्रश्न टाकला : "लोकमान्यांनी स्वराज्य मागितले ते काय आधी अंदाजपत्रक मांडून?" सभागृहात टाळ्या झाल्या. टाळ्या मिळाव्यात असाच तो प्रश्न होता. पण इतिहास त्याच्या बाजूने नाही. दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर आकडे गोळा केले, हिंदुस्थानातून दरसाल किती संपत्ती इंग्लंडला वाहून जाते याचा हिशेब मांडला, आणि १९०१ साली तो 'पॉव्हर्टी अँड अन्-ब्रिटिश रूल इन इंडिया' या जाडजूड ग्रंथात छापला. न्यायमूर्ती रानडे काय, नामदार गोखले काय, त्यांची भाषणे म्हणजे आकड्यांच्या तोफाच होत्या. खुद्द लोकमान्यांच्या चतुःसूत्रीतली स्वदेशी आणि बहिष्कार ही दोन सूत्रे बाजारपेठेतलीच आहेत. तेव्हा आपल्या स्वातंत्र्याची मागणी बऱ्याच अंशी हिशेबाच्या वहीतूनच निघाली, असे म्हटले तर त्यात लोकमान्यांचा अपमान होत नाही.

दुसरा दाखला त्याने नॉर्वेचा दिला. तो खरोखरच मोहात पाडणारा आहे. स्वीडनपासून वेगळे व्हावे की नाही यावर १३ ऑगस्ट १९०५ रोजी नॉर्वेत मतदान झाले. वेगळे होण्याच्या बाजूने ३,६८,२०८ मते पडली आणि विरुद्ध १८४! (स्त्रियांना मत नव्हते. त्यांनी आपण होऊन दोन लाखांहून अधिक सह्या गोळा करून दिल्या. हे पुस्तकांत एका ओळीत उरकतात म्हणून मुद्दाम लिहिते.) असे आकडे पाहिले की वाटते, इथे हिशेब कुठला, इथे नुसते हृदय बोलले. पण भांडण पेटले कशावरून? नॉर्वेचे व्यापारी जहाजांचे तांडे जगभर फिरत होते आणि परदेशी बंदरांतले वकील मात्र स्वीडनच्या परराष्ट्र खात्याच्या हाताखाली होते. आमच्या जहाजांसाठी आमचे वकील हवेत, ही ती मागणी. शिवाय देश वेगळे झाले तरी स्वीडन, डेन्मार्क आणि नॉर्वे यांचा सोन्यावर आधारलेला चलनसंघ लगेच मोडला नाही. तो पहिल्या महायुद्धापर्यंत चालला. म्हणजे हृदय बोलत होते तेव्हा डोकेही जागेवर होते.

तरीही नॉर्वेच्या मतदानात खरा वाद असा झालाच नाही. १८४ माणसांशी काय वाद घालणार? ज्या देशात दोन वर्षे घरोघरी, दुकानांत, दारूच्या गुत्त्यांत याच एका प्रश्नावर माणसे भांडली आणि मग रांगेत उभे राहून मत देऊन आली, असा देश पाहायचा तर स्कॉटलंडकडेच जायला हवे.

स्कॉटलंड ही आपल्यासारखी वसाहत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, दोघेही स्कॉटिशच. साम्राज्याच्या भोजनात त्यांचे पान इंग्रजांच्या शेजारीच मांडलेले होते. पण १७०७ साली इंग्लंडशी जे ऐक्य झाले ते मात्र निव्वळ प्रेमाने झाले नव्हते. त्याच्या आधी, १६९८ पासून, स्कॉटलंडने पनामाच्या किनाऱ्यावर डेरियन येथे स्वतःची वसाहत वसवायचा घाट घातला. लहानमोठ्या माणसांनी त्यात पैसे घातले. ती मोहीम तापाने, उपासमारीने आणि स्पॅनिश तोफांनी १७०० पर्यंत संपली, आणि त्या गरीब देशाच्या भांडवलाचा मोठा हिस्सा समुद्रात गेला. ऐक्याच्या करारात इंग्लंडने ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग मोजून दिले. इंग्लंडच्या जुन्या कर्जाचा भार आता स्कॉटलंडलाही उचलावा लागणार म्हणून ही भरपाई होती, आणि डेरियनमध्ये बुडालेल्यांचे पैसे त्यातून परत करायचे होते. दहा शिलिंगांपर्यंतचा हिशेब! ज्या ऐक्याची सुरुवात अशी झाली, ते मोडताना जमाखर्च मांडू नये, असे कोणी म्हटले तर एडिंबरोच्या जुन्या वकिलांनाही हसू आले असते.

मधला तीनशे वर्षांचा प्रवास सोडून देते. १९९९ मध्ये स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळाली. १५ ऑक्टोबर २०१२ रोजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून आणि स्कॉटलंडचे मुख्य मंत्री अॅलेक्स सॅमंड यांनी एडिंबरोत करार केला की सार्वमत घ्यायचे आणि त्याचा निकाल दोघांनी मानायचा. १८ सप्टेंबर २०१४ रोजी मतदान झाले. सोळा वर्षे पुरी झालेल्या मुलामुलींनाही मत होते. प्रश्न एकच आणि सरळ : स्कॉटलंड हा स्वतंत्र देश व्हावा काय? नोंदलेल्या मतदारांपैकी ८४.६ टक्के लोकांनी मत दिले. 'होय' म्हणणारे ४४.७ टक्के आणि 'नाही' म्हणणारे ५५.३ टक्के निघाले.

या दोन वर्षांत भांडण कशावर झाले? धर्मावर नाही, भाषेवर नाही, राणीवरही नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये सॅमंड यांच्या सरकारने सहाशेहून अधिक पानांची श्वेतपत्रिका काढली, तीत राणी तीच राहणार होती, पौंड तोच राहणार होता, युरोपीय संघाचे सदस्यत्वही राहणार होते. मग उरले काय? उरला जमाखर्च. आणि माझ्या मते त्यात शरम वाटण्यासारखे काहीच नव्हते.

सर्वांत मोठा वाद चलनाचा. आपल्याला वाटते नोट म्हणजे नोट. स्कॉटलंडमध्ये तर तीन खाजगी बँका आजही स्वतःच्या नोटा छापतात. तरीही त्यांचे मोल इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेच्या पौंडाला बांधलेले असते. नोट कोण छापतो यापेक्षा बँक बुडायला लागली तर तिच्यामागे कोण उभा राहतो, हा खरा प्रश्न आहे. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड २००८ मध्ये बुडता बुडता वाचली ती लंडनच्या सरकारने २००८-०९ या काळात ४,५०० कोटी पौंडांहून अधिक भांडवल तिच्यात ओतले म्हणून. पन्नास-पंचावन्न लाख वस्तीचा देश हे एकट्याने करू शकला असता काय?

सॅमंड यांचे म्हणणे, पौंड आमचाही आहे, तेव्हा दोन देशांनी मिळून चलनसंघ करू. जानेवारी २०१४ मध्ये इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर मार्क कार्नी एडिंबरोला आले आणि त्यांनी शांतपणे सांगितले की, असा संघ टिकवायचा तर सार्वभौमत्वाचा काही भाग सोडून द्यावा लागतो. हे वाक्य मला या सगळ्या वादातले सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटते. दुसऱ्याचे चलन वापरायचे तर व्याजाचा दर तो ठरवणार आणि तुमच्या अंदाजपत्रकातल्या तुटीवरही त्याची नजर राहणार. मग वेगळे होऊन हाती काय आले? पुढच्याच महिन्यात, १३ फेब्रुवारीला, अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी साफ सांगून टाकले की चलनसंघ होणार नाही. मजूर पक्षाने आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षानेही त्यांच्या सुरात सूर मिसळला. सॅमंड म्हणाले, ही नुसती धमकी आहे, उद्या कौल लागला की हेच लोक बोलणी करायला येतील.

ऑस्बोर्न यांच्या बोलण्यात धमकीचा भाग होताच, हे मान्य. स्कॉटलंडशी व्यापार करणाऱ्या इंग्रज दुकानदारालाही एकच चलन सोयीचे होते. पण ५ ऑगस्ट २०१४ च्या दूरचित्रवाणीवरील वादात 'नाही' बाजूचे अॅलिस्टर डार्लिंग यांनी पुन्हा पुन्हा विचारले, "पौंड मिळाला नाही तर दुसरी योजना कोणती?" आणि सॅमंड यांनी त्याचे सरळ उत्तर दिले नाही. मला विचाराल तर सार्वमत त्या संध्याकाळी हातचे गेले. स्वातंत्र्य मागणाऱ्याने दुसरी योजना सांगायला लाजू नये. ती कठीण असेल, पहिली काही वर्षे ओढाताणीची असतील, तसे म्हणावे. लोक कठीण गोष्ट ऐकून घेतात, गुळमुळीत गोष्ट ऐकून घेत नाहीत.

एकत्र चलन ठेवू म्हणणे सोपे, ते टिकवणे अवघड, याचा पुरावा चेकोस्लोव्हाकियाने दिला आहे. १ जानेवारी १९९३ रोजी हा देश दुभंगला. तिथे तर सार्वमतही घेतले नाही, पुढाऱ्यांनीच वाटणी ठरवली. दोन्ही देशांनी काही महिने तरी जुने चलन चालवायचे असे ठरले होते. पण लोक मूर्ख नसतात. स्लोव्हाकियाच्या चलनाचे मोल उतरणार असे सर्वांना वाटले, आणि तिकडच्या बँकांतला पैसा चेक बँकांकडे वाहू लागला. ८ फेब्रुवारी १९९३ ला चलन वेगळे करावे लागले. घाईघाईने जुन्याच नोटांवर तिकिटे चिकटवून त्या नव्या देशाच्या म्हणून चालवल्या. जेमतेम पाच-सहा आठवड्यांत संसार मोडला! लोकांचा विश्वास उडाला की करारावरची सही कामाला येत नाही.

आता कर्जाकडे वळू. हा विषय मला पुस्तकाआधी घरात कळला. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढले नाही. पण वाटणी म्हणजे काय हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. आजोबांच्या मागे तिघा भावांनी वाटणी केली. जमीन मोजून वाटली, भांडीकुंडी मोजून वाटली, विहीर वाटता येत नाही म्हणून पाण्याच्या पाळ्या ठरल्या. राहिले विहिरीवरच्या मोटारीचे कर्ज. ते सोसायटीत थोरल्या चुलत्यांच्या नावावर होते. पंच म्हणाले, तिघांनी मिळून फेडा. पण सोसायटीला पंचांशी काय कर्तव्य? तिच्या वहीत एकच नाव. तेव्हा आप्पा, म्हणजे आमचे थोरले चुलते, दादांना म्हणाले, "हप्ता नाही, तर पाण्याची पाळी नाही." आणि दादा म्हणाले, "पाळी नाही, तर हप्ता नाही." असे दोन पावसाळे गेले. वाट्याला आलेल्या तुकड्यात भागेना, म्हणून पुढे दादा तालुक्याच्या बाजार समितीत हमालीला लागले. आज माझी फी त्याच हमालीतून येते. वाटणी करायलाच नको होती, असे मात्र आमच्या घरात आजही कोणी म्हणत नाही, आईला विचारले तर ती म्हणते, "चूल आपली, भाकरी आपली." पण पाळी आणि हप्ता आधी कागदावर घ्यायला हवा होता, असेही तीच म्हणते.

सांगायचे ते हे की, जानेवारी २०१४ मध्ये लंडनच्या अर्थखात्याने अगदी थोरल्या चुलत्यांसारखी गोष्ट जाहीर केली : निकाल काहीही लागो, ब्रिटनच्या नावाचे सगळे कर्ज आम्हीच फेडू, सावकारांनी घाबरू नये. सावकाराला वहीतले नाव बदललेले आवडत नाही आणि तो घाबरला की व्याज वाढते, म्हणून हे करावेच लागले. त्यावर सॅमंड यांनी दादांचेच उत्तर दिले. पौंडात वाटा नाही, तर कर्जातही वाटा नाही. एवढ्या मोठ्या देशांचे मोठे मोठे विद्वान, आणि भांडण आमच्या विहिरीवरचेच!

अशा भांडणाचे निकाल इतिहासात अर्थशास्त्राने कमी आणि सौद्याने जास्त लागले आहेत. आयर्लंड १९२२ मध्ये वेगळे झाले तेव्हा ब्रिटनच्या कर्जातला वाटा त्याने उचलायचा असे करारात होते. डिसेंबर १९२५ मध्ये तो वाटा माफ झाला, कारण त्याच बैठकीत आयर्लंडने उत्तरेची सीमा आहे तशी मान्य केली. कर्ज सुटले, जमीन गेली. चलनाच्या बाबतीत मात्र आयर्लंडने घाई केली नाही. १९२८ पासून स्वतःचा पौंड काढला तो इंग्रजी पौंडाच्या बरोबरीने बांधूनच, आणि ही गाठ १९७९ पर्यंत सुटली नाही. राजकीय स्वातंत्र्य आणि चलनाचे स्वातंत्र्य यांत अर्ध्या शतकाहून अधिक अंतर पडले, तरी आयरिश माणसाला कोणी अर्धा स्वतंत्र म्हटले नाही.

आपल्या देशाच्या फाळणीचेही तसेच. मालमत्ता आणि देणी यांची वाटणी साडेब्याऐंशी आणि साडेसतरा टक्के अशी ठरली. रोख शिलकीतले पाकिस्तानच्या वाट्याचे ७५ कोटी. त्यातले २० कोटी आधी दिले आणि उरलेले ५५ कोटी काश्मीरच्या लढाईमुळे अडले, ते जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या काळात दिले गेले. हे ५५ कोटी महाराष्ट्रात सर्वांना पाठ आहेत, तेही भलत्याच कारणासाठी. पण ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानची मध्यवर्ती बँक म्हणून आपली रिझर्व्ह बँकच काम पाहत होती, आणि तिकडे काही काळ आपल्याच नोटा 'पाकिस्तान सरकार' असे वर छापून चालत होत्या, हे कितीजणांना माहीत आहे? सीमेवर रक्त सांडत असतानाही बँकेचा कारकून दोन्ही देशांची खाती लिहीत बसला होता. वेगळे होणे एका रात्रीत होते. हिशेब मात्र वर्षभर पुरतो.

मग माझ्या वर्गबंधूचे म्हणणे सर्वस्वी चूक काय? तसे नाही. एका बाबतीत त्याला अर्धे गुण द्यायला मी तयार आहे, ती बाब म्हणजे आकड्यांचा बाजार. २८ मे २०१४ हा दिवस अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा. त्या एकाच दिवशी लंडनच्या अर्थखात्याने सांगितले की, ब्रिटनमध्ये राहिलात तर दरवर्षी दरडोई १,४०० पौंडांचा फायदा. आणि एडिंबरोच्या सरकारने सांगितले की, स्वतंत्र झालात तर पंधराएक वर्षांत दरडोई वर्षाला १,००० पौंडांचा फायदा. दोन्हीकडे पदवीधर, दोन्हीकडे तक्ते! लंडनवाल्यांनी तर १,४०० पौंडांत काय काय येईल याची चित्रे लेगोच्या खेळण्यातल्या बाहुल्या मांडून काढली. त्यात कुटुंबाला कित्येक आठवडे रोज मासळी आणि बटाट्याचे काप खाता येतील असाही हिशेब होता. शेवटी त्या खेळण्यांच्या कंपनीनेच चित्रे काढून टाकायला सांगितली. एका राष्ट्राचा प्रश्न मासळीच्या थाळीत वाढलेला पाहून स्कॉटिश माणसाला राग आला असेल तर तो रास्तच होता.

त्याहून वाईट गोष्ट त्याच आठवड्यातली. नवे राज्य उभारायला २७० कोटी पौंड लागतील, असे अर्थखात्याने पसरवले. हा आकडा कसा निघाला? एक नवे खाते उघडायला दीड कोटी, आणि अशी १८० खाती, गुणाकार करा. ज्यांच्या संशोधनाचा आधार घेतला ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक पॅट्रिक डनलेव्ही उघडपणे म्हणाले की, माझ्या कामाचा हा विपर्यास आहे, आकडा कित्येक पटींनी फुगवलेला आहे. गुणाकार बरोबर असून उत्तर चूक, असे फक्त राजकारणातच घडते.

एडिंबरोच्या आकड्यांचीही गत निराळी झाली नाही. श्वेतपत्रिकेत तेलाचा भाव पिंपाला ११० डॉलर धरला होता आणि २०१६-१७ साली उत्तर समुद्रातून ६८० ते ७९० कोटी पौंड महसूल येईल असा अंदाज होता. मतदान झाले त्याच सुमारास भाव घसरू लागला होता. जानेवारी २०१६ मध्ये तो ३० डॉलरच्याही खाली गेला. स्कॉटलंडच्या वाट्याचा तेलाचा महसूल २०११-१२ साली १,००० कोटी पौंडांच्या घरात होता, तो २०१५-१६ मध्ये सुमारे ६ कोटींवर आला! आणि श्वेतपत्रिकेने स्वातंत्र्यदिन ठरवला होता २४ मार्च २०१६. म्हणजे नव्या राष्ट्राचा पाळणा हलवायचा आणि घरात पीठ नाही, अशी वेळ. यावर 'नाही'वाले आजही टाळ्या पिटतात. पण भाव कोसळणार हे त्यांनाही ठाऊक नव्हते. लंडनचे अंदाजही तेलाच्या बाबतीत वेळोवेळी चुकलेच आहेत. यातून मी एवढेच घेते की, ज्या मालाचा भाव आपल्या हातात नाही त्यावर घराचा किराणा ठरवू नये. दादा रोज बाजार समितीत कांद्याचा भाव पाहतात. त्यांना हे सांगायला कुठल्या श्वेतपत्रिकेची गरज पडली नसती.

आता सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट. सर्वसाधारण समजूत अशी की गरीब माणूस जोखमीला भितो आणि श्रीमंत माणूस धाडस करतो. स्कॉटलंडच्या निकालाने हे उलटे करून दाखवले. ग्लासगोने ५३.५ टक्के मतांनी 'होय' म्हटले आणि डंडीने ५७.३ टक्क्यांनी. बंद पडलेल्या गिरण्यांची, जहाजांच्या गोद्यांची, बेकारीची ही गावे. (डंडीच्या तागाच्या गिरण्या कलकत्त्याच्या तागावर चालत, हे जाता जाता.) उलट बँकांच्या एडिंबरोने सुमारे ६१ टक्क्यांनी 'नाही' म्हटले. आणि ज्या अॅबर्डीनच्या समोर समुद्रात ते तेल होते, त्या अॅबर्डीननेही 'नाही'च म्हटले! पासष्टीच्या पुढची निवृत्तिवेतन घेणारी मंडळी तर मोठ्या संख्येने 'नाही'कडे गेली.

याचा अर्थ ग्लासगोच्या लोकांनी हिशेब केलाच नाही असा कोणी लावेल. मला तो पटत नाही. त्यांनी हिशेब केला, पण दुसऱ्या पानावर. २०१० पासून लंडनच्या सरकारने खर्चाला कात्री लावली होती. एप्रिल २०१३ पासून तर सरकारी घरात एक खोली जास्त आहे म्हणून गरिबांची भाड्याची मदत कापायला सुरुवात झाली. ज्याची खोली मोजली जाते, त्याला सांगा की पौंड डळमळेल, बँक मुख्य कचेरी लंडनला हलवील. तो विचारणार, बँकेत माझे आहे काय? ११ सप्टेंबरच्या सुमारास मोठमोठ्या बँकांनी कचेऱ्या हलवण्याच्या घोषणा केल्या, तेव्हा एडिंबरो हादरले. ग्लासगोच्या चाळींत तितका परिणाम दिसला नाही. 'देशाला तोटा' हा शब्दच मुळी फसवा आहे. तोटा कोणाला, किती वर्षे आणि भरपाई कोण देणार, असे तीन प्रश्न त्यात दडलेले असतात. दोन्ही बाजूंच्या तक्त्यांत दरडोई आकडा होता. पण एडिंबरोचा वकील आणि ग्लासगोचा बेकार यांची सरासरी काढली की तो आकडा दोघांपैकी कोणाच्याच घरात राहत नाही. आमच्या विद्यापीठाच्या पुस्तकात सरासरीवर अख्खे प्रकरण आहे. तिचा असा उपयोग परीक्षेत विचारला तर बरे होईल.

आणि एक हिशेब तर कोणीच मांडला नाही. तो म्हणजे जैसे थे राहण्याची किंमत. २०१४ मध्ये 'नाही'वाल्यांचा मोठा युक्तिवाद असा होता की, वेगळे झालात तर युरोपीय संघाच्या बाहेर पडाल. आहात तिथे राहा म्हणजे युरोपातही राहाल. दोन वर्षांनी, जून २०१६ मध्ये, ब्रिटननेच सार्वमत घेऊन युरोप सोडायचे ठरवले. स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतदारांनी राहण्याचा कौल दिला होता, तो कामाला आला नाही. २०२० मध्ये ब्रिटन बाहेर पडले आणि त्याच्याबरोबर स्कॉटलंडही. वेगळे होणाऱ्याकडून पुढच्या वीस वर्षांची हमी मागायची आणि एकत्र ठेवणाऱ्याकडून दोन वर्षांचीही नाही, हा वजनकाटा सरळ म्हणता येणार नाही. आमच्या वादविवादात मी विरोधी बाजूची होते. विरोधी बाजूला हा मुद्दा अडचणीचा आहे, हे जाणूनच इथे लिहिते. जमाखर्च मांडायचा तर दोन्ही वह्यांचा मांडावा.

त्यानंतर स्कॉटलंडच्या बाजूनेही काही शहाणपण आले. २०१८ मध्ये तिथल्या सत्ताधारी पक्षाच्या आयोगाने कबूल केले की, सुरुवातीला करार नसला तरी पौंडच वापरावा लागेल आणि तूट कमी करायला काही वर्षे हात आखडता घ्यावा लागेल. २०२२ मध्ये सरकारने पुढे जाऊन सांगितले की, कालांतराने स्वतःचे चलन काढू. २०१४ च्या ऑगस्टमध्ये डार्लिंग यांच्या प्रश्नाला जे उत्तर हवे होते, ते आठ वर्षांनी आले. दरम्यान त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटलंडच्या संसदेला असे सार्वमत घेता येणार नाही.

तेलाची गोष्टही आता पूर्वीची राहिली नाही. ग्रेंजमाउथ येथील स्कॉटलंडचा एकमेव तेलशुद्धीकरण कारखाना एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला. उद्या पुन्हा कौल घ्यायचा ठरला तर श्वेतपत्रिकेत पिंपाचा भाव शेवटच्या पानांवर गेलेला असेल. स्कॉटलंडचा बाहेर जाणारा सुमारे साठ टक्के माल आजही उरलेल्या ब्रिटनमध्येच खपतो. स्वतंत्र स्कॉटलंड युरोपीय संघात गेला आणि इंग्लंड बाहेरच राहिले, तर या दोघांमध्ये जकातीची सीमा येणार. २०१४ मध्ये दोन्ही देश युरोपातच राहतील असे गृहीत धरले होते, म्हणून हा प्रश्न कोणी फारसा विचारला नव्हता. पुढच्या खेपेला लॉरी घेऊन बेरिकच्या रस्त्याने इंग्लंडला जाणारा ड्रायव्हर तो सर्वांत आधी विचारील : नाक्यावर किती वेळ थांबायचे, आणि त्या वेळेची मजुरी कोण देणार?